माणूस वाटंवर हाय

पुणतांब्याहून नगरला बदलून आलो त्या संध्याकाळी, सामान अजून टेम्पोतच होतं तेव्हा, मी आधी नानांना फोन लावला. म्हणालो, "नाना, पोचलो." पलीकडून नेहमीचंच आलं, "बरं झालं. उजेड हाय तवर झाडून घेतो मंग." आणि फोन बंद करायचा राहिला. त्यांचा फोन कायमच बंद करायचा राहायचा. बोलणं संपलं की मोबाईल खिडकीत उताणा ठेवायचा आणि कामाला लागायचं, समोरच्यानं काय तो बंद करावा. मी केला नाही. कानाला लावून तसाच फुटपाथवर उभा राहिलो. केरसुणीचा आवाज आधी लांबून आला, म्हणजे माझ्या खोलीच्या जिन्यावरून. मग जवळ आला, म्हणजे ओसरी. मग दाराशी दोन-चार झपकारे झाले आणि थांबला. टेम्पोवाला विचारत होता, साहेब, कपाट कुठं लावायचं. त्याला मी हातानंच थांब म्हणालो.

नाना माझे घरमालक. मी पुणतांब्याच्या जनावरांच्या दवाखान्यात होतो. डॉक्टर नव्हे, डॉक्टरच्या हाताखालचा पर्यवेक्षक. पण म्हशीला सुई मारणारा तो डॉक्टर असा गावाचा साधा हिशेब, त्यामुळं नानाही मला 'डाक्टर' म्हणत. बायको-मुलं नगरला, मी वरच्या खोलीत. खाली नाना एकटे. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा आखातात एका बंदरावर क्रेन चालवायला. नानांनी स्वतः आयुष्यभर साखर कारखान्याच्या गेटवर नोकरी केली. आत आलेली गाडी बाहेर पडली का, एवढंच बघायचं. तो स्वभाव त्यांच्यात मुरला होता म्हणा, की त्या स्वभावामुळंच ती नोकरी त्यांना मानवली म्हणा, मला काही ठरवता आलं नाही.

स्वच्छतेचं वेड म्हणावं तर असं वेड मी दुसऱ्या माणसात पाहिलं नाही. दिवसातून तीनदा झाडलोट. चपला उंबऱ्याच्या बाहेर, त्याही जोडीनं, टाचा भिंतीकडं. पहिल्याच दिवशी मी चपला घालून दोन पावलं आत गेलो, तर माझ्याकडं न बघता माझ्या पायाकडं बघून म्हणाले, "डाक्टर, गोठ्यातनं आलाय तुमी." झालं, तेव्हापासून मी स्वतःच्याच खोलीत चोरासारखा अनवाणी जायला लागलो. मनातून चिडायचो. भाडं आपण द्यायचं आणि दटावणीही आपणच ऐकायची, ही कुठली रीत?

पण हाच माणूस कधी कधी दिवसभर घर तसंच ठेवायचा. ओसरीवर लिंबाचा पाला येऊन पडलेला, जिन्यावर माती, कोपऱ्यात केसांचा गुंता, आणि नाना त्या सगळ्यावरून जपून पाय टाकत फिरतायत. आधी मला वाटलं, आजारी आहेत. पाणी भरायला येणाऱ्या मावशींना विचारलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "दोन दिवस आलेली त्यांची बहीण परत येवल्याला गेली सकाळी. फोन यायचाय अजून."

माणूस घराबाहेर पडलं की त्याच्या पाठोपाठ केर काढू नये, हे आपल्याकडं सगळ्याच घरांत पाळतात. माझी आई पाळायची, पाच-दहा मिनिटं थांबायची आणि मग घ्यायची झाडायला. नानांनी मात्र ते ओढून पार शेवटापर्यंत नेलं होतं. गेलेला माणूस जिथं जायचा तिथं पोचला, असं स्वतःच्या तोंडानं सांगत नाही तोवर केरसुणीला हात नाही. 'पोचलो' हाच शब्द लागायचा. 'आलो', 'झालं', 'बसलोय निवांत' असलं काही चालायचं नाही. मी शनिवारी घरी जायचो, तेव्हा नगरच्या स्टँडवर उतरल्याबरोबर फोन. एकदा म्हणालो, "नाना, घरी बसून चहा घेतोय." तर म्हणाले, "म्हंजे पोचला का?" माझी बायको म्हणायची, तुमचं आल्यागेल्याचं त्या म्हाताऱ्यालाच जास्त. ती चेष्टेनं म्हणायची, पण खरं होतं ते. मी निघालो की पोचलो हे जगात दुसरं कुणी विचारत नव्हतं.

त्यांची बहीण एकदा येवल्याला जाऊन फोन करायची विसरली. मोबाईल पिशवीत, पिशवी खुंटीला. नानांचा फोन काही तिला ऐकू येईना. दोन दिवस घर तसंच. तिसऱ्या दिवशी ती चिडून स्वतःच परत आली, उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "पोचले रे बाबा, पोचले, घे झाडून." नानांनी तिच्यासमोर केरसुणी घेतली, आणि मग आठवण झाली की ही आता परत जाणार. केरसुणी ठेवून दिली. मी जिन्यात उभा राहून पोट धरून हसलो.

हसू यायचं तोवर यायचं. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं, की नानांचं घर सहसा लख्खच असतं. म्हणजे सहसा त्या घरातून कुणी कुठं जात नाही. म्हणजे कुणी येतही नाही. त्या दिवसापासून स्वच्छ ओसरी बघून मला बरं वाटेनासं झालं.

एकदा बोलता बोलता त्यांनी स्वतःच सांगितलं. आम्ही घाटावर बसलो होतो, गोदावरीला पाणी कमीच होतं. म्हणाले, "तिला नेलं ना डाक्टर, तवा खांदेकरी कोपऱ्यावर वळले न्हाईत तवर बायकांनी घर झाडून घेतलं. तवा झाडायचंच असतं. म्हंजे परत यायचं न्हाई. आपन जितंपनी कुनाला तसं का करावं?" बायकोचं नाव त्यांनी घेतलं नाही. मग उठून पायजमा झटकला आणि मला म्हणाले, "चला, बातम्या लागतील."

बातम्या ते उभ्यानं बघायचे. समोर खुर्ची रिकामी, नाना भिंतीला पाठ लावून उभे. मी विचारलं तर म्हणाले, "बसून बघायला ते काय कीर्तन हाय?" आणि बातम्या सांगणारी मुलगी शेवटी नमस्कार म्हणाली की हे तिला म्हणायचे, "सावकाश जा गं पोरी." गावात चेष्टा चालायची, की ती दुसऱ्या दिवशी पडद्यावर परत दिसेपर्यंत नाना टीव्हीखालची जागा झाडत नाहीत. मी मुद्दाम बघितलं नाही. खरं निघालं असतं तर मला सोसलं नसतं.

आता शूटिंगचं. कुठल्या तरी मालिकेला नदीकाठचं गाव हवं होतं, घाट हवा होता, आणि ओसरीचं जुनं घर हवं होतं. त्यांचा एक दाढीवाला व्यवस्थापक गावभर हिंडून नानांच्या दारात आला. मला वाटलं, नाना त्याला चपलांवरूनच परत लावतील. पण त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हे तिकडं आखातात दिसतं का?" तो म्हणाला, काका, मोबाईलवर जगात कुठंही दिसतं. नाना म्हणाले, "मंग या." मला नंतर म्हणाले, "तीन वर्सं झाली त्याला. घर तरी बघंल."

शूटिंगची तारीख ठरली, आणि तिकडं युद्ध पेटलं. टीव्हीवर दिवसरात्र तेच. काळ्या आभाळात रेघा, खाली लाल पट्ट्या, आणि चार माणसं एकदम ओरडतायत. एका दुपारी मुलाच्या बंदराचं नावच पट्टीवर आलं. नाना उभेच होते, ते आणखी ताठ झाले. त्या दिवशी मुलाचा निरोप आला, मोबाईलवर बोलून पाठवलेला. तो नानांनी मला इतक्यांदा ऐकवला की माझा पाठ झाला. "नाना, निघालो. बसनं शेजारच्या देशात नेत्यात, तिथून इमान. रस्त्यात फोन लागायचा न्हाई. पोचलो की करतो."

नानांनी केरसुणी दाराच्या मागं उलटी टेकवली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शूटिंगच्या गाड्या दारात.

गावाला काय, जत्राच. शाळा सुटल्यासारखी माणसं, पेरूच्या बागेतली तोडणी टाकून आलेल्या बाया, कट्ट्यावर कोण कुठली नटी यावर पैजा. घोडेगावच्या बाजारातून नवी म्हैस आणलेला एक गडी तर मालिकेत म्हैस घ्या म्हणून तिला धुऊन, शिंगाला तेल लावून घेऊन आला. मी दवाखाना सोडून तिथंच, कारण दवाखान्यात जनावरं आणणारे सगळे तिथंच. अंगणात वायरी, छत्र्या, पंखे. प्रसंग साधाच होता. मुलगा घर सोडून शहराला निघतो, आई दारात उभी. दाढीवाल्यानं ओसरी बघितली आणि कपाळाला हात लावला.

"काका, जरा झाडून घेऊ का? आमची माणसं करतील."

"न्हाई."

"टापटीप घर दाखवायचंय हो."

"माणूस वाटंवर हाय," नाना म्हणाले.

त्यानं मान उंच करून रस्त्याकडं पाहिलं. "कोण आहे वाटेवर? त्याला बाजूला घेऊ की."

लोक हसले. मी त्याला कोपऱ्यात नेऊन समजावलं. मुलगा, युद्ध, निरोप, सगळं सांगितलं. त्यानं मान हलवली, वाईट वाटल्यासारखं केलं. मग हळूच विचारलं, "पण केराचा आणि त्याचा काय संबंध?" आता याला काय सांगायचं?

तोवर दुसरीच अडचण निघाली. आवाज नको म्हणून फ्रीज बंद, पंखा बंद, आणि टीव्ही बंद. नाना म्हणाले, आवाज बारीक करतो. तर पडद्याचा उजेड भिंतीवर पडतो म्हणे. नाना माझ्याकडं बघत राहिले. त्यांनी शब्द दिलेला होता, आणि दिलेला शब्द फिरवणं त्यांच्यात नव्हतं. स्वतःच बटण बंद केलं. मग चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात गेले, तिथं टीव्ही चालू होता. मी मागं गेलो. दुकानात तिन्ही खुर्च्या मोकळ्या, न्हावी शूटिंग बघायला गेलेला, आणि नाना आरशाच्या शेजारी उभे राहून बातम्या बघतायत. आरशातही तेच आभाळ, त्याच रेघा. मला म्हणाले, "तुमी जा डाक्टर. बघा तिकडं काय मोडत्यात का."

मी आलो तेव्हा उशीर झाला होता. मोडलं काही नव्हतं. रोजानं लावलेल्या दोघी बाया ओसरी झाडून वर सडा टाकत होत्या. आतली खोली, जिना, अंगण, सगळं लख्ख. एकजण दारात रांगोळी काढत होती. दाढीवाला मला बघून म्हणाला, "ते येईपर्यंत सुकेल. म्हाताऱ्यांना कळणार पण नाही." मला त्याची मान धरावीशी वाटली. पण त्याला तरी काय बोलणार? तो बिचारा मुंबईचा, त्याच्या घरी रोज फरशी पुसत असतील.

नाना जेवणाच्या सुट्टीत आले. दारात थांबले. रांगोळी बघितली, ओसरी बघितली. मला वाटलं, आता हा माणूस कुणाला तरी मारतो. त्यांनी मागल्या अंगणातून घमेलं घेतलं आणि उकिरड्यावर गेले.

पाच-पन्नास माणसं बघत होती. नानांनी वाकून, निवडून निवडून आपल्या घराचा केर घमेल्यात भरला. लिंबाचा पाला, माती, सुपारीची टरफलं, माझ्या चपलेची तुटलेली पट्टी. शेजारच्या घरातलं अंड्याचं कवच आलं ते बाजूला टाकलं, ते आपलं नव्हतं. मग घमेलं कमरेवर घेऊन आत आले आणि मुठीनं केर पसरायला लागले. आधी आतली खोली, मग जिना, मग ओसरी. पेरणी करताना माणूस जसा सावकाश, सारखं पडावं म्हणून बघत जातो, तसं. ओल्या सड्यावर माती बसत होती. रांगोळीवर त्यांनी पाय दिला नाही, पण पाला टाकला. म्हैसवाला गडी हसायला लागला होता, त्याला कुणीतरी गप्प केलं.

दाढीवाला पुढं झाला. "अहो काका, आमचा दिवस वाया—"

आईचं काम करणारी बाई कट्ट्यावर ताट घेऊन बसली होती. तिनं तिथूनच विचारलं, "त्यांचं कोण गेलंय?"

मी सांगितलं. ती ताट ठेवून उठली. "राहू दे असंच," ती म्हणाली. "मुलगा निघाल्यावर कुठली आई झाडते? हे लिहिणाऱ्याला कळायला पाहिजे होतं." दिग्दर्शक लांबून ऐकत होता, त्यानं आभाळाकडं पाहिलं, ऊन उतरत होतं, आणि तो चला म्हणाला. ती बाई अनवाणी त्या केरात उभी राहिली. नाना रस्त्यावरून बघत होते. गाड्या गेल्यावर म्हणाले, "बाई शहाणी हाय." मालिकेबद्दल त्यांनी तेवढंच मत दिलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन आला. मी खालीच होतो. नानांना ऐकू कमी येतं म्हणून फोन कायम मोठ्या आवाजावर.

"नाना, पोचलो."

नानांनी भिंतीला हात टेकला. "कुठं?"

"मुंबईत. बरा हाय. काय झालं न्हाई मला."

"मंग घरी कवा?"

"कंपनी दुसऱ्या देशात पाठवतीय. कागदं हुस्तवर हितंच थांबायला सांगितलंय. जमलं तर येऊन जातो."

"ये," नाना म्हणाले. "सावकाश ये."

मोबाईल खिडकीत ठेवला. केरसुणी हातात घेतली, सरळ केली, आणि तसेच उभे राहिले. मला म्हणाले, "डाक्टर, मुंबईला पोचला म्हंजे पोचला धरायचं का?"

मी म्हणालो, "जीव वाचला, नाना. पोचला धरा."

"तसं न्हाई," ते म्हणाले. "जमलं तर येतो म्हनला. म्हंजे अजून वाटंवरच की." आणि केरसुणी परत टेकवली.

आठवडाभर त्या केरात आम्ही दोघं राहिलो. नाना दाढी करून, धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसायचे. कोपरगावकडून गाडी आली की उठायचे. मुंबईहून पुणतांबा एका रात्रीचा रस्ता आहे. मला त्या पोराचा राग आला, आणि खोटं कशाला बोलू, अजून येतो. मग विमानतळावरून फोन आला, "नाना, निघालो." दुसऱ्या दिवशी कुठल्याशा नव्या देशातून, "पोचलो." नाना म्हणाले, "बरं झालं." त्या दिवशी त्यांनी सकाळपासून झाडलं ते संध्याकाळपर्यंत झाडलं. मी एवढंच म्हणालो, "यायला पाहिजे होतं त्यानं." तर माझ्यावरच चिडले. "पोट हाय त्येचं. तुमी तरी शनवारचंच जाता ना घरी?"

काही महिन्यांनी तो भाग लागला. नानांनी मुलाला आधीच कळवून ठेवलं होतं. मी खुर्चीत, नाना उभे. प्रसंग आमचा चहा संपायच्या आत संपला. पण कॅमेरा त्या बाईच्या पायांवर थांबला होता. पाला, माती, त्यात तिची पावलं, आणि कोपऱ्यात माझ्या चपलेची पट्टीसुद्धा दिसली. नानांनी टीव्ही बंद केला आणि मोबाईल हातात धरून बसले. हो, त्या दिवशी बसले.

फोन वाजला.

"नाना, घर दिसलं."

"दिसलं ना? समदं दिसलं का? जिना?"

"जिना बी दिसला." मग थोडा थांबून, "केर लई हुता, नाना."

"व्हय."

"तवा कोन वाटंवर हुतं?"

नानांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"कोन म्हंजे," नाना म्हणाले. "तूच की."

पलीकडून गाड्यांचा आवाज येत होता, म्हणजे फोन चालू होता. मग नानांनीच विचारलं, "जेवलास का?" तो म्हणाला, "जेवतो." नानांनी मोबाईल नेहमीसारखा खिडकीत उताणा ठेवला. त्यानंही तो लगेच बंद केला नाही.

सकाळी मला केरसुणीचा आवाज आला नाही. तयार होऊन खाली उतरलो तर ओसरीवर रात्रीचा पाला तसाच, आणि नाना त्यातच खुर्ची टाकून बसलेले.

"कोण गेलंय?" मी विचारलं.

"कोन न्हाई."

"मुलानं निघतो म्हणून कळवलं का?"

"न्हाई." ते रस्त्याकडं बघत होते. "पन आता त्याला ठावं झालंय. म्हनलं, चार दिस न झाडता बघावं."

मी दवाखान्यात जायला निघालो होतो. उंबऱ्याबाहेर माझ्या चपला जोडीनं ठेवलेल्या होत्या, टाचा भिंतीकडं. मी त्या घातल्या आणि काही तरी विसरल्यासारखं करून तसाच परत ओसरीवरून आत गेलो, जिन्यापर्यंत, आणि परत आलो. मातीची पावलं उमटली. नानांनी माझ्या पायांकडं पाहिलं, पण आज गोठ्याचं नाव काढलं नाही.